१३,९८९ रुपयांचे हातमोजे

आकडे आधीच सांगून टाकते. ७,८५० रुपये हातमोज्यांचे, २,१४० रुपये ‘कस्टम’चे, आणि तेच मोजे परत करायचे म्हणून भरलेली ‘अनामत’ ३,९९९. एकूण १३,९८९. हो, तिसऱ्यांदाही मीच भरले. हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय. त्यातून माझी नोकरी हिशेब तपासनिसाची. वीस वर्षं लोकांच्या पावत्यांवर लाल पेन चालवतेय मी.

मुंबईच्या बाईला थंड पाण्यातले मोजे कशाला, हा प्रश्न मला पोलीस ठाण्यातही विचारून झालाय, म्हणून तेही सांगते. मी डायव्हिंग शिकले मालवणला, मग दोनदा अंदमानला गेले. तिथल्या कोमट पाण्यात मोज्यांचं कामच नाही. उलट बऱ्याच ठिकाणी घालूच देत नाहीत, कारण मोजे चढवले की माणूस बिनधास्त प्रवाळाला हात लावतो. यंदा मात्र आइसलँडचं ठरलं. सिल्फ्रा नावाची भेग आहे तिथे, हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं झिरपून तिच्यात येतं. काचेसारखं स्वच्छ, आणि बारा महिने २ ते ४ अंश. अंग ड्रायसूटमध्ये कोरडं राहतं, पण हातात बहुतेकांचे साधे ओले मोजेच असतात, म्हणजे पाणी आत शिरू देणारे.

मोजे तिथे भाड्याने मिळतात हे मला माहीत होतं. पण माझा पंजा लहान. मोठ्या मोज्यात बोटांपुढे जागा उरली की हात हलवताना दर वेळी गार पाणी आत-बाहेर करतं. ओल्या मोज्याचा सगळा खेळ आत शिरलेलं पाणी तिथेच थांबून अंगाच्या उबेने कोमट होण्यावर असतो. फार घट्ट घेतला तर रक्तपुरवठा दबतो आणि बोटं आणखी लवकर गारठतात. माझी बोटं तर महाबळेश्वरच्या थंडीतही पांढरीफटक पडतात. म्हणजे हा काही चैनीचा हट्ट नव्हता.

महिनाभर वाचत होते मी. मोज्याची जाडी ३ मिलीमीटर या पाण्याला कमी, ७ मध्ये बोटं इतकी जाड होतात की बकल सापडत नाही, म्हणून ५. शिवण आरपार टाक्यांची नको, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. कडा आधी चिकटवून मग निओप्रीनच्या, म्हणजे मोज्याच्या बुडबुडेदार रबराच्या, निम्म्या जाडीतूनच घेतलेली शिवण हवी, ब्लाइंड स्टिच. मनगट लांब हवं. एवढा अभ्यास केला आणि त्यानेच घात केला.

इंटरनेटवर एक दुकान दिसलं, ‘जर्मनीचा माल, शेवटचे ४ जोड’. त्या माणसाला मी व्हॉट्सॲपवर पंधरा-सोळा प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर! मला वाटलं, चला, भारतात कुणीतरी भेटला ज्याला शिवणीतला फरक कळतो. माल तपासण्याच्या नादात माणूस तपासायचा राहिला. जीएसटी नंबर मागितला नाही, पत्ता मागितला नाही. ऑफिसात हे नसतं तर तीनशे रुपयांची पावतीसुद्धा परत पाठवते मी.

पैसे भरले ते दादरहून सुटलेल्या संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये. एका हाताने कडी पकडलेली, कुणाची तरी बॅग बरगडीत. स्क्रीनवर दुकानाऐवजी भलत्याच एका बाईचं नाव आलं. मी ते वाचलं. नीट वाचलं. मनात म्हटलं, बायको असेल. कुर्ल्याच्या आत पिन टाकून मोकळी. त्या पडद्यावर बँकेत नोंदलेलं खरं नाव येतं. ते जुळत नसेल तर गाडीतून उतरा, चहा प्या, पण पैसे भरू नका.

आठ दिवसांनी ‘माल कस्टममध्ये अडकला’, म्हणून २,१४०. पार्सल आलं तेव्हा पाठवणाऱ्याचा पिनकोड भिवंडीचा. जर्मनीचा माल मुलुंडला भिवंडीहून!

तरी मला वाटत होतं, मोजे तरी बरे असतील. बाजारात कोळिणीच्या शेजारून ४० रुपयांचा बर्फ आणला, बादली भरली, लेकाच्या फिशटँकचा थर्मामीटर टाकला. ४ अंश झाल्यावर हात घातला. दीड मिनिटात करंगळी गेली, तीन मिनिटांत अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना लागतंय की नाही ते कळेना. हात वर काढला तर प्रत्येक शिवणीतून धारा. टाके आरपार, आतला दोरासुद्धा दिसत होता. लेबलवर ५ मिलीमीटर, कंपासमधल्या पट्टीने मोजलं तर ३ सुद्धा भरेना. आणि चिमटीत धरलं की भांडी घासायच्या स्पंजासारखं चपटं. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे दबून निम्मे होतात. हे तिथे हाताला कागदासारखे लागले असते. ज्या हाताने हवा भरायची-सोडायची बटणं दाबायची तोच बधिर. कुठूनही मोजे घ्या, आधी नळाखाली पाण्याने भरून टांगा. कुठे गळतंय ते तिथेच दिसतं.

त्याला फोटो पाठवले. “सॉरी मॅडम, रिटर्न ले लेंगे, ३,९९९ डिपॉझिट, माल पहुंचते ही पूरा रिफंड.” हे का भरलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. गेलेले ९,९९० परत येतील या आशेने भरलं, दुसरं काय. त्यानंतर नंबर बंद.

शरमेने मी दोन दिवस कुणाला बोलले नाही. ही त्याहून मोठी चूक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. शरम नंतर करा.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाणे. “मॅडम, हातमोजे? तेरा हजारांचे?” मग शेजारच्या टेबलाला हाक, “अरे, हे बघ, हातमोजे!” मग, “माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? दिवाणी मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.” मी न्याय संहितेचं कलम ३१८ वाचून गेले होते, तेच पूर्वीचं ४२०. म्हटलं, “साहेब, खोटं सांगून पैसे घेतले तर फसवणूकच ना?” तर म्हणे, “तुम्हीच वकील आहात, मग आमच्याकडे कशाला आलात?” दोन तास लाकडी बाकावर. शेवटी, चॅटच्या प्रिंट आणा. आणल्या. साहेब जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी म्हणे, प्रिंट रंगीत हव्यात. बँकेत वेगळी तऱ्हा. “पिन तुम्हीच टाकलात ना?” हे वाक्य तिथल्या तीन माणसांनी तीन खिडक्यांवर मला ऐकवलं, जणू पिन टाकणं हाच गुन्हा आणि आरोपी मी. ज्या बाईच्या नावावर पैसे गेले ती कोण, हे ‘गोपनीय’. तिची गोपनीयता जपायची, माझे पैसे नाही. ग्राहक आयोगाला पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून तो अर्ज उघडला. त्यात रकाना: विरुद्ध पक्षाचा पूर्ण पत्ता. काय लिहू? भिवंडी?

पण खरा चटका बसला तो झेरॉक्सच्या दुकानात. १४ पानं हातात घेतली आणि सवयीने लाल पेन काढून खुणा करत गेले. तेव्हा दिसलं. “ब्लाइंड स्टिच आहे ना?” असं मी विचारलं होतं. तो: “हाँ जी, ब्लाइंड स्टिच.” मी: “मनगट लांब? चिकटवलेली शिवण?” तो: “लांब, चिपकाया हुआ.” मी: “४ अंशाला चालेल?” तो: “४ डिग्री पक्का.” चौदा पानांत तांत्रिक म्हणावा असा एकही शब्द त्याने आधी उच्चारलेला नाही. सगळे माझे. मी प्रश्नातच उत्तर घालून देत होते आणि तो तेच मला परत देत होता. “शिवण कशी आहे?” एवढंच विचारलं असतं तर पहिल्याच पानावर उघडा पडला असता. विचारायचं ते असं मोकळं विचारा.

तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. सिल्फ्राला भाड्याचेच मोजे घालणार आहे, सगळ्यात लहान मापाचे राखून ठेवा असं कळवलंय. परवा रात्री नवऱ्याने फोन पुढे केला. नवं नाव, नवा नंबर, फोटो तेच, किंमत ८,२००. खाली मजकूर होता: ‘५ मिलीमीटर, चिकटवलेली ब्लाइंड स्टिच, लांब मनगट, ४ अंशापर्यंत, लहान पंजासाठी खास.’