बाइंड प्लग की बाइंडिंग फ्रेज?

रेडिओवर उडणारं पहिलं ट्रेनर (शिकाऊ) मॉडेल विमान हाताखालून गेलं आणि दुसरं बांधायला घेतलं, की हा प्रश्न येतोच: आहे त्याच रेडिओचे आणखी रिसीव्हर घ्यायचे, की ईएलआरएस म्हणजे एक्सप्रेसएलआरएस या मुक्त-स्रोत रेडिओ सिस्टिमकडे वळायचं? रेंज, चॅनल आणि किमतीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते हातातला ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर यांची जोडी जमवण्यावर, म्हणजे बाइंडिंगवर, कारण मी रेडिओ बदलला तो त्यापायीच.

क्रिस्टलच्या जमान्यात, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर, दोन्हीकडे एकाच चॅनलचा क्रिस्टल बसवला की झालं. त्या चॅनलवर मैदानात दुसरं कुणी नाही ना, एवढं बघायचं. २.४ गिगाहर्ट्झ आलं तसा रिसीव्हर फक्त ओळखीच्या ट्रान्समीटरचंच ऐकू लागला आणि ही ओळख करून देण्याचं काम आपल्या गळ्यात पडलं.

जुनी पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. रिसीव्हरच्या बाइंड पोर्टात प्लग खोचायचा (काहींना प्लगऐवजी बटण असतं), पॉवर द्यायची, ट्रान्समीटर बाइंड मोडमध्ये सुरू करायचा आणि एलईडी स्थिर व्हायची वाट बघायची. फ्लायस्काय, स्पेक्ट्रम, एफआरस्काय, कंपनीगणिक तपशील वेगळे पण चाल तीच. वर्कबेंचवर हे मिनिटाभराचं काम. लॅपटॉप नको, वायफाय नको, फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) कशाशी खातात हे माहीत नसलं तरी चालतं. नवशिक्याला मी आजही आधी हीच पद्धत दाखवेन.

अडचण बेंचवर येत नाही, विमान पूर्ण झाल्यावर येते. रिसीव्हर पंखाखाली, फोममध्ये रुतवलेला, वरून सर्वोच्या (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) वायरींचं जंजाळ. पंख रबरबँडने बांधलेला असेल तर ठीक, पण हॅच गोंदाने बंद केलेल्या फोम जेटमध्ये ते बटण दाबायचं म्हणजे बांबूची काडी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन बसायचं. तरी हे सोसलं असतं, कारण बाइंड रोज थोडंच करतो आपण. माझं मन उडालं ते जुना ट्रान्समीटर बंद पडला तेव्हा. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा आणला, पण रिसीव्हरांच्या लेखी तो परका. प्रत्येक रिसीव्हरने जुन्या ट्रान्समीटरचा ओळख-क्रमांक धरून ठेवलेला. भिंतीवरची एकूण एक विमानं उतरवून उघडावी लागली, एकाचं बाल्साचं आवरण तर कापावं लागलं. त्या कंपनीचा यात दोष नाही, पद्धतच तशी आहे.

ईएलआरएसमध्ये हीच गाठ उलट्या बाजूने मारली जाते. तुम्ही एक वाक्य, म्हणजेच बाइंडिंग फ्रेज, ठरवता, तेच ट्रान्समीटरमध्ये आणि प्रत्येक रिसीव्हरमध्ये भरता. त्या वाक्यातून सहा बाइटचा एक आयडी तयार होतो आणि दोन्हीकडे तोच असला की लिंक आपसूक जुळते. ट्रान्समीटर उद्या तळ्यात पडला तरी नव्यामध्ये तेच वाक्य टाका, सगळी विमानं ओळख देतात. एकही हॅच उघडायचं नाही. माझ्यासाठी तराजू इथेच कलला. बाकीचे फायदे असतील, पण ते नसते तरी मी वळलो असतो.

अर्थात फुकट काहीच नाही. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या फर्मवेअरचा पहिला आकडा जुळायलाच हवा. एकीकडे २ आणि दुसरीकडे ३ असेल तर वाक्य तंतोतंत असूनही लिंक येत नाही. नवा माणूस इथे हमखास चक्रावतो. फ्रेज टाकायला रिसीव्हरला पॉवर देऊन ट्रान्समीटर बंद ठेवायचा. साधारण मिनिटाभराने रिसीव्हर स्वतःचं वायफाय सुरू करतो, मग फोन त्याला जोडून ब्राउझरमध्ये १०.०.०.१ उघडायचं. सोपं आहे, पण पहिल्यांदा करताना घाम फुटतो हे खरं. फ्रेज न टाकता बाइंड करायचं तर रिसीव्हरची पॉवर तीनदा झटपट चालू-बंद करावी लागते. ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) मोठा कपॅसिटर असेल तर एलईडी विझायलाच वेळ लागतो आणि ती तीनची लय बिघडते. हे करताना प्रॉप (पंखा) काढलेला असावा, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट मला अजूनही थोडी खटकते. सगळ्या विमानांत एकच फ्रेज, म्हणजे ट्रान्समीटरच्या मेमरीत चुकीचं मॉडेल (दुसऱ्याच विमानाची सेटिंग) निवडलेलं असलं तरी विमान आनंदाने लिंक देतं, आणि आयलेरॉन (पंखांवरच्या झडपा) उलटे फिरतात. त्यावर मॉडेल मॅचचा उपाय आहे: प्रत्येक मॉडेलला वेगळा रिसीव्हर नंबर द्यायचा आणि मॉडेल मॅच चालू करायचा. मग चुकीच्या मॉडेलवर लिंक दिसते, पण सर्वो हलत नाहीत. मात्र तो तुम्हालाच चालू करावा लागतो, आणि लोक करत नाहीत. तसंच, फ्रेज म्हणजे पासवर्ड नव्हे. एकाच मैदानात दोघांनी सोपं म्हणून एकच वाक्य ठेवलं तर दोघांचीही पंचाईत. स्वतःचं, जरा विचित्र असं वाक्य घ्या.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते, कुठल्याही पद्धतीत गृहीत धरू नका. काही जुन्या सिस्टिममध्ये बाइंडच्या क्षणी थ्रॉटलची (मोटरच्या वेगाच्या स्टिकची) जी स्थिती असते तीच फेलसेफ म्हणून साठवली जाते, म्हणून स्टिक तळाशी ठेवूनच बाइंड करायचं. ईएलआरएसच्या पीडब्ल्यूएम (सर्वो थेट जोडता येणाऱ्या) रिसीव्हरवर ते वेबपेजवर चॅनलनिहाय ठरवता येतं. दोन्हीकडे कसोटी एकच: प्रॉप काढा, मोटर हळू फिरवा, ट्रान्समीटर बंद करा आणि मोटर थांबते का बघा.

तेव्हा, एकच ट्रेनर आहे, आहे तो रेडिओ नीट चालतोय आणि छंद टिकेल की नाही याची खात्री नाही, तर प्लगवाल्यावरच राहा, काही बिघडत नाही. जुने रिसीव्हर बरेच साठले असतील तर मल्टिप्रोटोकॉल (अनेक कंपन्यांच्या भाषा बोलणारं) मॉड्यूल असलेला ट्रान्समीटर हा मधला मार्ग आहे; त्यावर बरेचसे जुने रिसीव्हर बाइंड होतात, अर्थात एकेक उघडून. पण तिसरं-चौथं विमान डोळ्यासमोर असेल, तर माझ्या मते आत्ताच फ्रेजकडे वळणं परवडेल. विमानं वाढली की ते काम नुसतं लांबत जातं.

घेताना २.४ गिगाहर्ट्झचंच घ्या. परदेशातून मागवलेली ९०० मेगाहर्ट्झची मॉड्यूल बहुधा तिकडच्या बँडवर लावलेली असतात. आपल्याकडे विनापरवाना मोकळा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. आणि रिसीव्हर मागवताना फोटो नीट बघा. ईएलआरएसचे बरेच चिमुकले रिसीव्हर ड्रोनसाठी असतात, त्यांना फ्लाइट कंट्रोलरकडे (ड्रोनच्या संगणकाकडे) जाणाऱ्या चार वायरीच असतात. सर्वो थेट लावायचे तर तीन-तीन पिनांच्या रांगा असलेला पीडब्ल्यूएम रिसीव्हरच हवा.