कझाकस्तान, तीन दिवस, २,२०० रुपये

पुण्यातल्या एका कॉलेजची एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे यूएनची लुटुपुटीची सभा) करून आले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि भरवणारी पोरं माझ्याच वयाची आहेत. फी २,२०० रुपये. त्यात तीन दुपारची जेवणं, एक वही, एक पेन आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. सांगलीहून जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. राहिले मावशीकडे, तिथे फी भांडी घासून फेडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तुम्हाला एक देश मिळतो आणि तीन दिवस तुम्ही यूएनमधले त्याचे प्रतिनिधी. स्वतःची मतं घरी ठेवायची. मी फ्रान्स, जपान, इराण अशी पसंती भरली होती. मिळाला कझाकस्तान. समिती डायसेक, म्हणजे आमसभेची पहिली, नि:शस्त्रीकरणाची समिती. विषय अण्वस्त्रं. तोंड वाकडं केलंच मी.

बॅकग्राउंड गाइड, म्हणजे विषयाची माहितीपुस्तिका, फक्त चार दिवस आधी आली, नऊ पानांची, आणि त्यात कझाकस्तानचं नाव एकदाच. मग स्वतःच शोधत बसले. सोव्हिएत काळात, १९४९ ते १९८९ मध्ये, सेमीपालातिन्स्कला ४५६ अणुचाचण्या झाल्या. २९ ऑगस्ट १९९१ ला तो तळ बंद केला आणि यूएन आता त्याच तारखेला अणुचाचणीविरोधी दिन पाळतं. देश वेगळा झाल्यावर वाट्याला आलेली १,४०० हून जास्त अस्त्रं त्यांनी १९९५ पर्यंत रशियाला देऊन टाकली. फ्रान्स मिळाला असता तर तीन दिवस नुसता बचाव करत बसले असते. या देशाकडे बोलायला काहीतरी होतं.

पहिला दिवस जवळजवळ वाया. उद्घाटन, सत्कार, माइकची खरखर. दुपारी हजेरी झाली. ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणालात तर नंतर ठरावावर तटस्थ राहता येत नाही, हे मला तिथेच कळलं आणि मी ते आधीच म्हणून बसले होते. जीएसएलमध्ये, म्हणजे भाषणांच्या मुख्य यादीत, प्रत्येकी ९० सेकंद. दादाच्या लग्नातला ब्लेझर घातला होता, बाह्या बोटांपर्यंत. प्लॅकार्ड, म्हणजे देशाच्या नावाची पाटी, वर केलं की हात दिसायचा नाही, नुसता कझाकस्तान वर जायचा. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या चार-पाच जणांनी वेळ खाल्ला. त्यांच्या बोलण्यात आकडा एक नव्हता, पण चेअर, म्हणजे समितीचे अध्यक्ष, मान डोलवत होते.

मजा आहे ती अनमॉडमध्ये, म्हणजे मोकळ्या चर्चेच्या वेळात. चेअर वीस मिनिटं देतात, सगळे उठतात आणि इंग्रजी खुर्चीवरच राहतं. "ए कझाक, इकडे ये ना, आमच्या ठरावावर सही दे!" "आधी तुझा तिसरा क्लॉज काढ, मग देते." उत्तर कोरिया म्हणजे नाशिकचा नववीतला एक मुलगा, चष्मा सारखा वर ढकलणारा. त्याच्याशी कुणी बोलेना. त्याने मला चिट पाठवली. वर नियमाप्रमाणे ‘व्हाया ईबी’ (एक्झिक्युटिव्ह बोर्ड, समिती चालवणारी मंडळी), म्हणजे चेअरनी वाचून गुण द्यावेत म्हणून. आत इंग्रजीत प्रश्न: तुम्ही अस्त्रं दिलीत, बदल्यात सुरक्षेची हमी कुणी दिली? आणि खाली बारीक मराठीत: ‘ताई, प्रश्न बरोबर आहे ना?’ प्रश्न बरोबर तर होताच, वर माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं. जेवणाच्या रांगेत आम्ही दोघं त्यावरच बोलत राहिलो, पनीर संपलं तरी.

आता खरी तक्रार. शेवटच्या दिवशी एका गटाच्या ठरावाच्या मसुद्यात अण्वस्त्रधारी देशांवर निर्बंध लादायचा क्लॉज होता. आमसभा असे निर्बंध लादू शकत नाही, फक्त शिफारस करते. ते काम सुरक्षा परिषदेचं, सनदेच्या ४१व्या कलमाखाली. मी पॉइंट ऑफ ऑर्डर, म्हणजे नियमाची हरकत, घेतला. चेअर म्हणाले, "डेलिगेट, लेट्स नॉट गेट टू टेक्निकल." ठराव पास झाला, आणि तो मांडणाऱ्यालाच बेस्ट डेलिगेट. बक्षीस मला हवंच होतं, खोटं का बोलू, पण राग त्याचा नाही. ज्या खेळात नियमच खेळ आहेत, तिथे पंचाला नियम माहीत असावेत एवढीच अपेक्षा.

जेवण ठीक. ‘सोशल नाइट’चे वेगळे ७०० मागितले, मी गेले नाही. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलं, दुरुस्त करून मेल करतो म्हणाले होते, तीन आठवडे झाले.

पहिल्यांदा जाणार असाल तर सुरक्षा परिषद घेऊ नका. तिथे पंधराच देश, आणि त्यातले पाच व्हेटोवाले सराईतांनाच जातात. मोठी समिती घ्या, छोटा देश घ्या. मी पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे, पण फी भरण्याआधी ईबीवर कोण आहे ते विचारून. आणि ब्लेझर शिवून घेऊन.