इंकजेट प्रिंटर की लेझर? मुंबईच्या घरात कुठला घ्यायचा

महिन्याला चार-पाच पानंच काढणार असाल तर इंकजेटच्या नादी लागू नका. त्यात पातळ शाई असते, ती केसापेक्षा बारीक नोझलमधून उडते आणि प्रिंटर पडून राहिला की तिथेच सुकते, मग बसा हेड क्लीनिंग मारत, म्हणजे शाई सोडून नोझल साफ करत, त्यातच निम्मी शाई संपते. लेझरमध्ये शाईची भानगडच नाही, टोनरची कोरडी पावडर ड्रमवरून कागदावर येते आणि फ्युजर साधारण २०० डिग्रीला तापून ती वितळवून चिकटवतो, म्हणून तर पान गरम-गरम बाहेर येतं. जुलैत बॅग भिजली तरी फॉर्मवरची अक्षरं पसरत नाहीत, इंकजेटच्या साध्या कलर शाईची मात्र रंगपंचमी होते.

पण घरात पोरांचे प्रोजेक्ट, फोटो वगैरे असेल तर इंकजेटच, तोही इंक टँकवाला. सुरुवातीला महाग वाटतो पण बाटलीने शाई ओतायची, पानामागचा खर्च काही पैशांवर येतो. कलर लेझरचे चार टोनर एकदम बदलायची वेळ आली की डोळे पांढरे होतात, आणि फोटो काही तितके छान येत नाहीत.

लेझर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका हं, फ्युजर तापताना जबरदस्त करंट खेचतो. पावसाळ्यात कागदाची रीमही उघडी ठेवू नका, दमट कागद वळतो नि अडकतो.

ऑफिसला, नुसती बिलं आणि पत्रं असतील तर, ब्लॅक अँड व्हाइट लेझर, विषय संपला. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात की आधी टोनरचा भाव विचारा, प्रिंटरचा नंतर.