गोळी की तक्ता?

निदान झालं आहे, प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत, डॉक्टरांनी "विचार करून सांगा" म्हटलं आहे आणि घरात दोघांचं एकमत होत नाहीये. इथवर आलेल्या आईबाबांसाठी हे लिहितोय. एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता यांचा विकार) खरंच असतो की लाडावलेपणाला दिलेलं ते भारदस्त नाव आहे, हा वाद तुमच्यापुरता मिटला असेल असं धरतो. मी डॉक्टर नाही. एका मुलाचा बाप आहे, औषधाची आणि वागणुकीच्या तक्त्याची अशा दोन्ही वाटा चालून पाहिल्यात आणि त्यांतल्या एकीकडे माझा कल आहे. तो लपवायचा प्रयत्न करीन, पण जमेल असं वाटत नाही.

आधी एका तिसऱ्या पर्यायाबद्दल, कारण तो सहसा कुणी सुचवत नाही: थांबणं. तुमचं मूल वर्गात वयानं कितवं आहे ते बघा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर, म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत धाकटं. तिथल्या नोंदींवरून २०१२ साली दिसलं की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याची शक्यता जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होती, आणि मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. अमेरिकेत जिथे सीमारेषा १ सप्टेंबर, तिथे ऑगस्टमधल्या मुलांचं असंच झालेलं २०१८च्या अभ्यासात दिसलं. जवळपास वर्षभरानं मोठ्या मुलांशेजारी बसवलेलं पोर चुळबुळ करणारच. आमचाही वर्गातल्या धाकट्यांपैकी, म्हणून आम्ही एक वर्ष काही केलं नाही. वाचन सुधारलं, बसणं नाही. नवा वर्ग, नव्या बाई, तक्रार तीच. आणि घरीही तीच, जे निदानाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. लक्षणं एकाच ठिकाणी दिसत असतील तर आधी त्या ठिकाणाकडे बघावं.

थांबण्याची एक किंमत मात्र आम्ही धरली नव्हती. त्या वर्षात "तू मुद्दाम करतोस" हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं की त्याला ते पटलं. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या शांत मुलींबाबत तर थांबा असं मी म्हणणारच नाही. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांचं थांबून आधीच झालेलं असतं.

आता मूळ प्रश्न. आधी बिहेवियर थेरपी (पालकांना शिकवून, शाबासकी-बक्षिसांनी मुलाला वागणुकीची सवय लावणं) की आधी औषध?

कागदावर बघायचं तर दोन्ही बाजू एकाच अभ्यासाचा दाखला देतात, ही मोठी गंमत आहे. अमेरिकेतला एमटीए अभ्यास, ५७९ मुलं, सात ते नऊ वर्षांची, चौदा महिने. निष्कर्ष १९९९ला आले. काहींना नीट बसवलेलं औषध, काहींना सखोल बिहेवियर थेरपी, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना बाहेर जे उपचार मिळतील ते. चौदा महिन्यांनंतर लक्ष न लागणं आणि अतिचंचलता या मूळ लक्षणांवर औषधवाले गट स्पष्ट पुढे होते. दोन्ही घेणाऱ्यांना डोस कमी पुरला. औषधाच्या बाजूचे लोक इथे थांबतात. दुसऱ्या बाजूचे तीन वर्षांच्या पाठपुराव्यापासून सुरुवात करतात, कारण तोवर गटांमधला फरक पुसला गेला होता.

मला त्यातली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. बाहेरचे उपचार घेणाऱ्यांतली साधारण दोन तृतीयांश मुलंही औषधावरच होती, तरी अभ्यासातल्या औषधवाल्या गटापेक्षा मागे राहिली. अभ्यासातल्या मुलांना दर महिन्याला तपासत होते, शिक्षकांकडून माहिती घेत होते, डोस हलवत होते. बाहेर बऱ्याचदा चिठ्ठी लिहून दिली की संपलं. तेव्हा "गोळी चांगली की वाईट" यापेक्षा "गोळी देणारा परत कधी बोलावतो" हे विचारलेलं बरं.

माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगून टाकतो. २०१६ साली क्रम तपासणारा एक अभ्यास आला: आधी थेरपी आणि कमी पडली तर औषध, की उलट? वर्गातल्या वागण्यावर थेरपी-आधी हा क्रम बरा ठरला. शिवाय ज्यांनी औषधानं सुरुवात केली, ते पालक नंतरच्या प्रशिक्षण-सत्रांना फारसे फिरकलेच नाहीत. हे वाचून मी मान खाली घातली. आम्हीही गेलो नसतो.

पण आम्ही क्रम तोच धरला होता. आधी थेरपी. म्हणजेच तक्ता.

तक्त्यावर पाच ओळी: पहिल्या हाकेला उठला, दप्तर भरलं, बूट जागेवर, गृहपाठ सलग पंधरा मिनिटं, वेळेवर अंथरुणात. प्रत्येकाला एक चांदणी, दहा चांदण्यांना त्यानंच निवडलेलं बक्षीस. थेरपिस्ट बाईंनी शिकवलेलं सगळं पटण्यासारखं होतं. एका वेळी एकच सूचना द्या. दुसऱ्या खोलीतून ओरडू नका, जवळ जाऊन सांगा. चांगलं केलं की लगेच बोलून दाखवा, चांदणी लगेच लावा. सगळी भिस्त या "लगेच"वर, कारण अशा मुलांना रविवारी मिळणारं बक्षीस आणि कधीच न मिळणारं बक्षीस यांत फार फरक वाटत नाही.

पहिले तीन आठवडे छान गेले. मग एका रात्री मी उशिरा आलो, चांदण्या लावायच्या राहिल्या. "उद्या दोन्ही दिवसांच्या लावू." मग चांदण्यांचं पाकीटच सापडेना. मग बक्षीस ठरलेल्या रविवारी दुसरंच काही निघालं. आठ महिन्यांत मी तो तक्ता चार वेळा नव्यानं आखला. आखायला मला फार आवडायचं: रंगीत पेनं, पट्टी, सुबक अक्षर. रोज भरायला नाही. (इथे ज्यांना स्वतःचं काही आठवलं, त्यांनी पुढचा परिच्छेद जरा सावकाश वाचावा.)

एका रात्री सहज नजर गेली तर मागच्या तीन आठवड्यांचे रिकामे चौकोन पेन्सिलीनं भरलेले. मुलाचं अक्षर. माझ्या मनात पहिला शब्द आला तो "लबाडी". नीट पाहिलं तर चांदण्या थोड्या होत्या आणि फुल्या पुष्कळ. गृहपाठाच्या ओळीत जवळजवळ सगळ्या फुल्याच. सकाळी विचारलं, तर म्हणाला, "बाबा, तू विसरतोस ना, म्हणून मी लिहून ठेवलं." बक्षिसाचं नावही काढलं नाही.

माझ्यापुरता निकाल तिथे लागला. मुलाचा विसराळूपणा आवरायला आणलेला उपाय ज्याच्या लक्षात राहण्यावर उभा होता, तो माणूस मी होतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे कितीतरी घरांमध्ये तक्ता अशाच एखाद्या आईच्या नाहीतर बापाच्या हाती जात असणार, जो लहानपणी खिडकीबाहेर बघत बसायचा. तक्ता देताना हे कुणी विचारत नाही. उपाय चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. नियमितपणे वापरला तर चालतो, यावर माझा विश्वास आहे. आमच्याकडे तो नियमितपणे वापरला गेला नाही, आणि तसा वापरणारा माणूस घरात नव्हता. बायकोनं करायचं म्हटलं असतं तर कदाचित झालं असतं. पण घरातल्या दोन विसरभोळ्यांचा तक्ता तिसऱ्यानं सांभाळायचा, हे तिला मान्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

मग गोळी.

"मुलावर प्रयोग" ही भीती आम्हालाही होती. किमान हे काही कालपरवाचं रसायन नाही एवढं समजल्यावर थोडं बरं वाटलं. मिथाइलफेनिडेट, म्हणजे या गोळीतलं उत्तेजक औषध, १९४४ साली तयार झालं आणि पन्नासच्या दशकात बाजारात आलं. बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञानं त्याला बायकोचं नाव दिलं: मार्गरीट, लाडाचं नाव रीटा, म्हणून रिटालिन. जुनं असलं म्हणजे वाद मिटलेत असं नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्यानं चाचण्यांच्या दर्जावरच बोट ठेवलं. २०१८ साली लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या तुलनेनं मुलांसाठी पहिली पसंती याच औषधाला दिली, पण तीही साधारण तीन महिन्यांच्या परिणामांवरून. दहा वर्षांनी काय, याचं उत्तर देणारा आकडा इतका ठाम नाही.

पहिल्या शनिवारी गोळी घेतल्यावर तासाभरानं आम्ही बाहेर निघालो होतो. त्यानं एक मोजा घातला, दुसरा शोधायला आत गेला आणि दुसरा मोजा घेऊन परत आला. एवढंच झालं. ज्यांच्या घरी मूल दुसरा मोजा आणायला जातं आणि वीस मिनिटांनी अर्धी उघडी पेटी, एक चुंबक आणि एकच मोजा असं सापडतं, त्यांना हे कळेल.

त्रास झाले. दुपारची भूक मेली. त्याची भरपाई सकाळी गोळीआधी आणि रात्री करावी लागते. डोस वाढवला तेव्हा चार दिवस तो गप्प होता. शांत नव्हे, गप्प. त्याचे ते शेंडाबुडखा नसलेले विनोद बंद झाले. डॉक्टरांना फोन केला, डोस खाली आला, विनोद परत आले. "मूल बावळट होतं" असं म्हणतात ते मला वाटतं पुष्कळदा हेच असावं, आणि त्यावर उपाय आहे. फक्त कुणीतरी ते वेळेवर सांगायला हवं. सुरुवातीची गोळी चारेक तास टिकायची. दुसरी शाळेत घ्यावी लागे आणि भर वर्गात नाव पुकारून त्याला बाहेर बोलावत. महिन्याभरात दिवसभर टिकणाऱ्या प्रकारावर गेलो. झोप थोडी पुढे सरकली. संध्याकाळी औषध उतरताना अर्धा तास तो कुणाशीही भांडू शकतो. त्या वेळात आम्ही त्याला काही विचारतच नाही. उंचीचा मुद्दा खरा आहे: सतत औषध घेणाऱ्यांमध्ये एमटीएच्या तीन वर्षांत साधारण दोन सेंटिमीटरचा फरक दिसला. तो ज्याचा त्यानं तोलावा. आम्हाला चालला.

उत्तेजक प्रकारात न मोडणारी ॲटोमॉक्सेटिनसारखी औषधंही आहेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आमच्यावर ती वेळ आली नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

माझा तराजू गोळीकडे झुकला तो एका साध्या हिशोबावर. गोळी चुकीची ठरली तर संध्याकाळपर्यंत उतरते, आणि ती लागू पडते की नाही हे बहुधा काही आठवड्यांत कळतं. तक्ता चुकला तर ते कळायला महिने जातात, आणि चुकला कोण, मूल की आपण, हे तरीही कळत नाही. आमच्या घरी आठ महिने त्याला वाटत राहिलं की तोच चुकतोय.

तरीही गोळी काही शिकवत नाही, हे कबूल. औषधावरची मुलं वर्गात जास्त गणितं सोडवतात, नियम कमी मोडतात, पण शिकवलेलं जास्त शिकतात असं २०२२च्या एका काटेकोर प्रयोगात दिसलं नाही. दप्तर कसं भरायचं हे औषध सांगत नाही. म्हणून थेरपिस्ट बाईंची तीन वाक्यं आम्ही ठेवली: एका वेळी एक सूचना, जवळ जाऊन, आणि केलं की लगेच शाबासकी. तक्ता काढला. आधी गोळी आणि मग ही तीन वाक्यं, असा क्रम असता तर दोन्ही सोपं गेलं असतं असं मला वाटतं. २०१६चा तो अभ्यास वेगळं सांगतो, तेव्हा माझं ऐकायचं ते बेतानं.

माझं अजिबात ऐकू नये अशीही घरं आहेत. मूल सहाच्या आतलं असेल तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आधी पालक-प्रशिक्षणच सांगते. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं ही रेघ पाचला ओढतात. लक्षणं सौम्य असतील, किंवा घरात एखादी व्यक्ती रोज रात्री न चुकता डायरी लिहिणारी असेल, तर तक्ता तिच्या हाती द्या आणि तीन महिने बघा. हृदयाची तक्रार असेल किंवा घराण्यात लहान वयात हृदयविकार झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि झोप, कान, डोळे तपासून झाले नसतील तर दोन्ही वाटा थोड्या लांबच ठेवा.

गोळी द्यायचं ठरलंच, तर आदल्या दिवशी उंची आणि वजन तारखेसह लिहून ठेवा. आम्हाला ते तिसऱ्या महिन्यात आठवलं.