यंत्रावर चाललं, बेअरिंगला लागलं

मासेमारी बंदी उठायला चार दिवस होते. ३१ जुलैच्या आत इंजिन तयार करायच्या घाईत रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर आम्ही सगळेच होतो, आणि नेमका तेव्हाच तो सुटकेस घेऊन आला. इंजिनाच्या तेलात घालायचं, झीज थांबवणारं म्हणे, औषध विकणारा. गोड बोलणारा. ‘शेठ, माझ्यावर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा.’

सुटकेसमधून निघालं ते असं: मोटरवर फिरणारी पोलादी रिंग, तिच्यावर रोलर दाबणारा दांडा, दांड्याला वजनं. आमचंच तेल त्याने रिंगेवर टाकलं. दोन वजनं लावली तशी कर्रर्र आवाज करत मोटर थांबली. मग त्याने बाटलीतले चार थेंब सोडले आणि सगळी वजनं लावूनही रिंग फिरतच राहिली. मी स्वतः दोन्ही वेळच्या रोलरवरून नख फिरवलं. पहिल्यावर खोल चर, दुसऱ्यावर नुसता ठिपका. तिथेच माझा निकाल लागला.

सहा बाटल्या, १६,८०० रुपये रोख. बिल नाही, एक गुळगुळीत गॅरंटी कार्ड. वर सल्ला: ‘आता २५० तासांना तेल बदलायची गरज नाही, ५०० खुशाल चालवा.’ बाटलीच्या पैशांपेक्षा हे वाक्य मला महाग पडलं.

नोव्हेंबरमध्ये तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, वायरलेसवर सांगितलं, इंजिन गरम झालं की तेलाचा दाब दीड बारच्या खाली येतोय. शेजारच्या बोटीने ओढून आणलं. मिस्त्रींनी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उघडला तर तेल दुधाच्या चहासारखं. बेअरिंगचा वरचा चंदेरी थर गेलेला, खालचं तांबं उघडं. क्रँकलाही, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य शाफ्टलाही, ओरखडे.

कारण साधं निघालं. समुद्राच्या पाण्याने तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरच्या नळीला बारीक भोक. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, त्यामुळे तेल समुद्राच्या पाण्यात जायचं. बंद केलं की खारं पाणी तेलात यायचं. तेल कमी होतंय हे खलाशांना दिसत होतं, ते वरून भरत राहिले. वेळेवर तेल बदललं असतं तर काढतानाच रंग कळला असता. क्रँक ग्राइंडिंग, घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारं अंडरसाइज बेअरिंग, कूलर, मजुरी मिळून १,८५,००० रुपये, आणि ऐन हंगामात १९ दिवस बोट बांधून.

मिस्त्रींनी मग समजावलं ते आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या यंत्रात पोलाद पोलादावर थेट घासतं. इंजिनात पंपाच्या दाबाने आणि क्रँकच्या फिरण्याने तेलाची फिल्म, म्हणजे पातळ थर, तयार होते, आणि शाफ्ट तिच्यावर तरंगतो. फिल्म टिकली तर बेअरिंग जवळजवळ झिजतच नाही. ती मोडते पाण्याने, डिझेल मिसळल्याने, कचऱ्याने, कमी दाबाने. ते कुठलीच बाटली थांबवत नाही. झीज रोखणारं झिंकचं संयुग चांगल्या डिझेल तेलात कंपनीच मोजून घालते. यंत्रावर चमत्कार करणाऱ्या बाटल्यांत बरेचदा क्लोरीनवालं पॅराफिन असतं; उष्णता आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं, आणि तांबं-शिशाच्या बेअरिंगला तेच खातं. माझ्या बाटलीत काय होतं? लेबलवर फक्त वाघाचं चित्र. अमेरिकेत १९९० च्या दशकातच फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने, अशा इंजिन ट्रीटमेंटवाल्यांना जाहिरातींतल्या दाव्यांवरून जाब विचारला होता, हे मला नंतर कळलं.

कार्डावरचा फोन बंद. पक्कं बिल नसल्याने तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार? आता २५० तासांना तेल बदलतो, आणि बदलताना थोडं बाटलीत काढून तपासणीला पाठवतो. सोडियम वाढलं तर पाणी, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग. त्या सहा बाटल्यांच्या किमतीत अशा कितीतरी तपासण्या झाल्या असत्या.

गेल्या महिन्यात जेटीवर दुसराच एक माणूस तसंच यंत्र घेऊन आला. मी टपरीवरून शॅम्पूची पुडी आणली आणि म्हटलं, हे टाकून दाखवा. तो नको नको म्हणत होता, पोरांनी हट्टाने टाकायला लावलं. एकेक वजन चढलं, रिंग फिरतच होती. ‘शेठ, हे टेक्निकल आहे, असं नसतं,’ म्हणत तो सुटकेस आवरायला लागला. तरीही दोघांनी बाटल्या घेतल्याच.