कर्नलचे अपडेट स्वीकारण्यापूर्वी : सिझकॉलरचा अनुभव

लिनक्स कर्नलचे (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे) नवे अपडेट बसवल्यावर यंत्र सुरळीत सुरू झाले, एवढ्यावरून ते अपडेट निर्दोष ठरत नाही, कारण कर्नलमधील अनेक चुका क्वचितच चालणाऱ्या, विशेषतः त्रुटी हाताळणाऱ्या कोडमध्ये दडून राहतात. त्या शोधण्यासाठी मी गूगलमध्ये विकसित झालेले सिझकॉलर हे मुक्त साधन वापरले. सिस्टम कॉलच्या (प्रोग्राम कर्नलकडे करतात त्या विनंत्यांच्या) वर्णनांवरून ते छोटे प्रोग्राम रचते, ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) चालवते आणि कर्नलचा एखादा भाग प्रथमच चालला, तर तो प्रोग्राम जपून ठेवून त्यात पुढचे बदल करत जाते. कोणता भाग चालला हे त्याला केकोव्ह या कर्नलमधील नोंदी ठेवणाऱ्या सोयीमुळे कळते. ही सोय २०१६ साली लिनक्स ४.६ मध्ये आली.

उभारणी सोपी नाही. केकोव्ह आणि केसॅन (मेमरीच्या वापरातील चुका पकडणारी कर्नलमधील सोय) चालू ठेवून कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागतो. केसॅनचा जेनेरिक प्रकार मेमरीचा सुमारे आठवा हिस्सा स्वतःच्या नोंदींसाठी राखतो. मी हे लक्षात न घेतल्यामुळे मेमरी अपुरी पडली आणि पहिल्या दिवशी मशीनशी संपर्क तुटल्याच्या निरर्थक नोंदीच हाती आल्या.

मात्र खरी चूक सापडते तेव्हा या साधनाचे मोल कळते. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली गेली, तर ती कोठे घेतली, कोठे सोडली आणि नंतर कोणी वाचली, हे तिन्ही माग अहवालात मिळतात, आणि नशीब चांगले असेल तर तीच चूक पुन्हा घडवणारा छोटा सी प्रोग्रामही मिळतो. दोन थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतून उद्भवलेल्या चुकांबाबत तो बहुधा मिळत नाही.

माझे दोन दिवस वाया गेले ते दुसऱ्याच कारणाने : जो क्रॅश मी नव्या अपडेटच्या माथी मारला, तो जुन्या कर्नलमध्येही होता. म्हणून त्याच कॉन्फिगरेशनचा जुना कर्नल आधी चालवून त्याचे क्रॅश नोंदवून ठेवणे मी अनिवार्य मानतो. मगच गिट बायसेक्टकडे, म्हणजे चूक नेमक्या कोणत्या बदलाने आली हे शोधणाऱ्या आज्ञेकडे, वळावे.

लॅपटॉप झोपेतून उठतो का, ग्राफिक्स ड्रायव्हर टिकतो का, वेग घटला का, यांची उत्तरे येथे मिळणार नाहीत. त्यासाठी केसेल्फटेस्ट (कर्नलसोबतच येणाऱ्या चाचण्या) आणि प्रत्यक्ष हार्डवेअर लागतेच. तरीही ज्यांच्याकडे वेगळे यंत्र आणि काही दिवसांची सवड आहे, त्यांनी सिझकॉलर अवश्य वापरावे आणि काम संपल्यावर त्याची कार्यफोल्डर पुसू नये. त्यात जमलेला प्रोग्रामांचा संग्रह पुढच्या अपडेटच्या वेळी तसाच उपयोगी पडतो.