गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता

ट्रकच्या दुरुस्तीचे एकवीस हजार चारशे रुपये. कच्चा कागद, पेनाने लिहिलेले आकडे. वर गॅरेजचं नाव नाही, खाली सही नाही. पक्कं बिल मागितलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "घ्या की, पण वर 18 टक्के जीएसटी पडेल." मी पैसे वाचवायला गेलो आणि तिथेच अडकलो.

माझी जुनी सहाचाकी आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद भरायची, पुण्याला नाहीतर वाशीला उतरवायची. सीझन सुरू होतानाच दारात उभ्या गाडीखाली तेलाचा डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, मग आठ दिवसांत ताटाएवढा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली थेंब लोंबकळत असायचा. भरलेली गाडी घाटात चढताना तेल कमी पडलं तर इंजिनचंच काम निघतं, म्हणून घाबरून हायवेकडेच्या एका गॅरेजात घातली.

मिस्त्रीने दोन मिनिटं बॅटरी मारली. "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार."

हे निदान अशक्य नव्हतं, आणि सगळी हुशारी तिथेच आहे. सील म्हणजे इंजिनचं तेल मागून बाहेर येऊ न देणारी रबरी कडी. ते काही शे रुपयांचं, पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील एवढं सगळं काढावं लागतं. म्हणजे पैसा सगळा मजुरीचा, आणि झालेली मजुरी गाडीच्या मालकाला दिसत नाही. "उतरवलाच आहे तर क्लच प्लेट पण टाकून घ्या," असंही तो म्हणाला. हा सल्ला तर कुठलाही प्रामाणिक फिटर देईल. मी हो म्हणालो आणि एसटीने घरी आलो. तिथे थांबलो नाही, ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका खोक्यात फाटलेलं सील आणि झिजलेली प्लेट दाखवली. ती माझ्याच गाडीची कशावरून, हे विचारायचं सुचलं नाही. गाडी बाहेर काढताना क्लच मात्र होता तसाच लागला. नवी प्लेट टाकली की पेडल कुठे पकडतं ते बदलतं. पायाला ते कळलं होतं, पण नुकतेच पैसे मोजलेल्या माणसाला शंका नको असते.

चार दिवस खाली कोरडं. पाचव्या दिवशी वाशीत माल उतरेपर्यंत पुन्हा डाग.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले तात्या आहेत. रविवारी त्यांना बोलावलं. त्यांनी आधी मलाच झापलं. "तेल वरनं खाली येतंय का खालनं वर जातंय? थेंब कुठं पडतोय ते काय बघतोस लेका, वर कुठवर वलं हाय ते बघ."

सहाचाकीखाली माणूस सरकतो, जॅक लावायची गरज पडली नाही. इंजिन थंड, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे दगड. तात्यांनी बॅटरी गिअरबॉक्सच्या बोल्टांवर धरली आणि गप्पच झाले. हळद वाहणाऱ्या गाडीला खालून एक थर बसतो. हळदीची पूड, तेल आणि धूळ मिळून तो वाळून खापरासारखा होतो. गिअरबॉक्स ज्या बोल्टांनी इंजिनला धरलेला असतो, त्या एकाही बोल्टावरचा थर फुटलेला नव्हता. पाना लागलाच नव्हता! खालचा जोड तेवढा पुसून त्यावर सिलिकॉन फासलं होतं, ते नवं-नवं चमकत होतं.

तिथेच पडल्या पडल्या मी मोबाईलवर फोटो काढले.

मग खरं काम. डिझेल आणि ब्रशने इंजिनची मागची बाजू धुतली, फडक्याने कोरडी केली आणि त्यावर पावडर मारली. तोंडाला लावायची, घरातलीच. त्यावरून बायकोने काय सुनावलं ते वेगळं. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. त्या वेळात कोणी खाली गेलं नाही. बंद करून बघितलं तर पांढऱ्या पावडरीत एक ओली काळी रेघ, वरच्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून थेट खालच्या जोडापर्यंत आलेली. बोटावर घेऊन वास घेतला. गिअर ऑइलचा तो कुजका वास नव्हता, इंजिनचंच तेल.

टॅपेट कव्हरचं बुचाचं पॅकिंग बिस्किटासारखं मोडलं. नवं 260 रुपयांना आलं. जुनं खरवडून दोन्ही कडा साफ केल्या आणि बोल्ट मधून बाहेर असे हळूहळू आवळले, कारण जोर लावला की कव्हरचा काठच वाकतो. तात्यांनी ब्रीदरची नळीही काढायला लावली. ती तुंबली होती. ब्रीदर तुंबला की आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि तेलाला पॅकिंगमधून ढकलतो. ती न धुता नुसतं पॅकिंग टाकलं असतं, तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हेच झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर गाडीने तीन महिने काढलेत, खाली टाकलेला पुठ्ठा कोरडा आहे.

फोटो घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, "तुम्ही आमचं सिलिकॉन खरवडलं, आता वॉरंटी संपली." फोटोतला बोल्ट तुमच्याच गाडीचा कशावरून, हेही त्यानेच विचारलं. मी विचारायला हवा होता तो प्रश्न! ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर मला माहीत आहे, पण तक्रारीला जोडायला तो कच्चा कागद आणि हे फोटो सोडून हातात काही नाही.

आता गाडी कुठेही कामाला टाकायची असली की आदल्या रात्री मुलीची लाल नेलपॉलिश घेऊन खाली जातो. जे बोल्ट खोलले जाणार, त्यांच्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एक-एक रेघ ओढतो आणि फोटो काढतो. बोल्ट फिरला की रेघ मोडते. जो पार्ट बदलणार त्यावरही खूण करतो आणि जुना पार्ट घरी आणतो. परवा मिरजेतल्या एका फिटरने खाली बघून विचारलं, "मालक, गाडीला मेंदी काढलीय काय?"